अडीचशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर पुरतो का?

प्रश्न असा आहे: "मुलगी नववीत आहे, तिला आर्डुइनोचा किट आणून दिला आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन-अडीचशे रुपयांना पिवळा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. तो घ्यावा, की एकदाच खर्च करून चांगला घ्यावा? ऑनलाइन दीड-दोन हजारांचे 'ट्रू आरएमएस' मीटरही दिसतात. शिवाय त्याच मीटरवर घरातला गिझर आणि इन्व्हर्टर तपासता आला तर बरं."

किटसाठी पिवळा मीटर पुरतो, अगदी निर्धास्त घ्या. गिझरसाठी मात्र नाही. त्या मीटरचे प्रोब भिंतीतल्या सॉकेटला लावू नका आणि मुलीला तर लावूच देऊ नका. या 'हो' आणि 'नाही'मागची कारणं कळली की पुढची खरेदी तुमची तुम्हाला ठरवता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानात तुम्हाला जो दाखवतील तो डीटी-८३०डी किंवा त्याचाच सख्खा भाऊ. खोक्यावरचं नाव दर खेपेला बदलतं, आतलं बोर्ड जवळपास तेच. मधोमध काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसतो, त्याखाली चिप असते. तिचं मूळ इंटरसिल कंपनीच्या आयसीएल ७१०६ या जुन्या चिपमध्ये. या चिपला खरं तर एकच गोष्ट येते: १९९.९ मिलिव्होल्टपर्यंतचा व्होल्टेज मोजणं. बाकी २० व्होल्ट, २०० व्होल्ट, अँपिअर या सगळ्या रेंज म्हणजे तिच्या अलीकडे लावलेल्या रेझिस्टरांची करामत. ते रेझिस्टर बरे असले की मीटर बरा. मोजायची पद्धत मात्र उत्तम आहे. इनपुट थोडा वेळ साठवून त्याची सरासरी काढली जाते, त्यामुळे आजूबाजूच्या वायरिंगमधून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण बरीचशी आपोआप कटते. सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो तो त्यामुळेच.

स्वस्त म्हणजे चुकीचे आकडे दाखवणार, असं लोक धरून चालतात. डीसी व्होल्टच्या बाबतीत ते खरं नाही. या मीटरचा दावा साधारण अधिक-उणे ०.५ टक्का आणि वर शेवटच्या स्थानाचे दोन अंक, असा असतो. आणि नव्या बॅटरीवर बहुतेक नग तो पाळतात. ५ व्होल्टच्या यूएसबीवर हिशेब करा. २० व्होल्टच्या रेंजवर अर्धा टक्का म्हणजे ०.०२५ आणि दोन अंक म्हणजे ०.०२, एकूण ०.०४५. म्हणजे मीटरने ५.०० दाखवलं तर खरा आकडा ४.९५ ते ५.०५ च्या आत. आर्डुइनोला याहून बारीक काही लागत नाही. पण तोच हिशेब लिथियम सेलच्या चार्जरला लावून बघा. तिथे ४.२० व्होल्टला थांबायचं असतं आणि एक टक्का म्हणजे ०.०४ इकडेतिकडे झालेलं चालतं. मीटरची स्वतःची चूकच ०.०४ होते. चार्जर बरोबर की चूक हे हा मीटर ठरवू शकत नाही. "सेल भरलाय का" एवढं विचारलंत तर सांगेल. "चार्जर सेट करून दे" म्हणालात तर नाही.

दुसरी मर्यादा पुस्तकी वाटते, पण मुलं तिच्यात हमखास अडकतात. या मीटरचा इनपुट रोध १ मेगाओहम असतो, चांगल्या मीटरचा १० मेगाओहम. ९ व्होल्टच्या बॅटरीवर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावा आणि मधल्या बिंदूवर मोजा. गणिताने ४.५ यायला हवेत. पिवळा मीटर ३.० दाखवेल, कारण खालच्या रेझिस्टरला तो स्वतःच समांतर जाऊन बसतो. १० मेगाओहमचा मीटर ४.२९ च्या आसपास दाखवेल, म्हणजे तोही पूर्ण निर्दोष नाहीच. किटमध्ये नेहमी लागणाऱ्या १० किलोओहमच्या रेझिस्टरांवर हा फरक एका टक्क्याच्या आत राहतो, सहसा लक्षातही येत नाही. सर्किटमध्ये मेगाओहमवाले रेझिस्टर असतील तरच सावध व्हायचं. मुलीला हा प्रयोग मुद्दाम करायला लावा. मोजणारं साधन सर्किटचाच भाग होतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे ऑसिलोस्कोप हाती आल्यावरही उपयोगी पडतं.

आता बॅटरीबद्दल. या मीटरच्या जितक्या तक्रारी माझ्या बाकावर येतात त्यातल्या पुष्कळ इथेच सुटतात. आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. ज्याच्याशी तुलना करून मोजायचं तो संदर्भ व्होल्टेज चिप आतल्या आत तयार करते आणि त्यासाठी तिला साधारण ७ व्होल्ट तरी लागतात. बॅटरी त्याखाली गेली की संदर्भ ढासळतो आणि संदर्भ ढासळला की मोजलेला व्होल्टेज *जास्त* दिसायला लागतो. यूएसबीवर ५.४, ५.६ असे आकडे येतात आणि घरातले सगळे अॅडॉप्टर एकदम बिघडल्यासारखे वाटतात. काही मीटरांत बॅटरीचं चिन्ह येतच नाही, काहींत फार उशिरा येतं. गंमत म्हणजे त्याच वेळी रेझिस्टर मोजला तर तो बरोबर निघतो. कारण ओहमच्या रेंजवर अनोळखी रेझिस्टरची तुलना मीटरमधल्या ठरावीक रेझिस्टरशी होते. बॅटरी उतरली तर दोन्हीकडे सारखीच उतरते. त्यामुळे १ किलोओहम बरोबर येतोय पण ५ व्होल्टचे साडेपाच दिसताहेत, असं झालं की आधी मीटरची बॅटरी बदला, अॅडॉप्टरला नंतर बघू.

हा मीटर आपोआप बंदही होत नाही. रात्री नॉब 'ऑफ'वर नेला नाही तर साधी झिंक-कार्बनची बॅटरी पंधरवड्यात संपते. लहान मुलांच्या घरात हे होणारच. एक बॅटरी जादा आणून ठेवा.

विद्युतप्रवाह मोजणं हा या मीटरचा खरा कच्चा दुवा. २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर प्रवाह सुमारे १ ओहमच्या शंटमधून, म्हणजे करंट मोजायला मुद्दाम वाटेत घातलेल्या रेझिस्टरमधून जातो. फ्यूज, प्रोबच्या तारा आणि नॉबचे संपर्क धरले तर एकूण दीड-दोन ओहम. एलईडीला २० मिलिअँपिअर देताना ०.०४ व्होल्ट गेले तर कुणाला कळतही नाही. पण मुलगी उद्या ईएसपी३२ या वायफायवाल्या बोर्डाकडे वळेल, सगळेच वळतात. तो वायफायवर पाठवायला लागला की दोन-तीनशे मिलिअँपिअरच्या उड्या मारतो. तेवढ्यावर मीटरमध्येच अर्धा व्होल्ट पडतो, ३.३ चे २.८ राहतात आणि बोर्ड रिसेट होतो. मीटर काढला की चालतं, लावला की पुन्हा रिसेट. मुलं दोन दिवस कोड तपासत बसतात. कोडमध्ये काहीच नसतं. अशा वेळी लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घालायचा. तिथला शंट म्हणजे जाड तारेचा एक तुकडा, ०.०१ ओहमचा, व्होल्टेज जवळजवळ पडत नाही. आकडा मात्र १० मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी दिसतो, ते चालवून घ्यावं लागतं.

पण त्या १० अँपिअरच्या भोकाखाली काय छापलंय ते वाचा. इंग्रजीत 'अनफ्यूज्ड' लिहिलेलं असतं. त्या वाटेवर फ्यूज नाही. काम संपल्यावर प्रोब तिथेच राहिला, नॉब फिरवून व्होल्टवर आणला आणि प्रोब बॅटरीच्या दोन टोकांना लावले, तर तुम्ही व्होल्टेज मोजत नसता. जाड तारेने बॅटरी शॉर्ट करत असता. नॉब कुठे आहे याने काहीही फरक पडत नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीवर असं झालं तर ती गरम होऊन बसेल, एवढंच. १८६५० लिथियम सेलवर प्रोबची तार वितळते. तुमच्या इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर काय होईल ते सांगायला नको. "१२ व्होल्टने काय होतंय" हे वाक्य मी फार ऐकलंय. १२ व्होल्टने शॉक बसत नाही हे खरं, पण ती बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि त्यात धातू लाल होतो. म्हणून घरात एकच नियम लावा: करंट मोजून झाला की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत. बाकी सगळं त्यानंतर.

आता गिझर. मीटरवर डीसी १००० आणि एसी ७५० व्होल्ट असे आकडे छापलेले असतात, त्यावरून आपलं २३० तर किरकोळ वाटतं. मोजायची क्षमता आणि झेलायची क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं, तेवढं मीटर मोजतोही. पण लाइनवर फक्त २३० नसतात. शेजारी लिफ्टची मोटर सुरू होते, कुठे स्विच पडतो, मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडते आणि क्षणभर हजारो व्होल्टचा झटका वायरिंगमधून धावतो. मीटरवरच्या 'कॅट २', 'कॅट ३' या श्रेणी त्या झटक्यासाठी आहेत. आयईसी ६१०१० या मानकात कॅट २ म्हणजे सॉकेटला लावलेली उपकरणं, कॅट ३ म्हणजे घरातलं वितरण, एमसीबींचा डबा (डीबी), पक्की वायरिंग आणि कॅट ४ म्हणजे महावितरणच्या मीटरकडची बाजू. कॅट ३, ६०० व्होल्ट असा शिक्का खरा असेल तर तो मीटर ६००० व्होल्टच्या झटक्यांवर तपासलेला असतो. पिवळ्या मीटरमध्ये इनपुटच्या दोन ट्रॅकमधलं अंतर बघा, काही ठिकाणी मिलिमीटर-दोन मिलिमीटर. तिथून एकदा ठिणगी उडी मारून गेली की मागून घरचा २३० व्होल्ट तिला धरून ठेवतो आणि एमसीबी पडेपर्यंत जो जाळ होतो तो हातात होतो.

हल्ली स्वस्त मीटरवरही 'कॅट ३' बिनदिक्कत छापतात. शिक्क्यावर जाऊ नका, मागचे स्क्रू काढून आत बघा. फ्यूज पारदर्शक काचेची बारीक नळी असेल तर शिक्का कागदावरच आहे असं धरा. खऱ्या मीटरमध्ये बोटाएवढा जाड, अपारदर्शक, वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो, १० अँपिअरच्या वाटेवरसुद्धा. आणि इनपुटपाशी निळ्या किंवा काळ्या चकत्यांसारखे, झटका शोषून घेणारे व्हॅरिस्टर दिसतात. दुकानदार खोलून दाखवायला कुरकुर करेल. ऑनलाइन घेणार असाल तर तो मीटर कुणी खोलून फोटो टाकलेत का ते आधी शोधा.

एसीच्या आकड्याबद्दलही दोन शब्द, कारण इन्व्हर्टर तुम्ही विचारलात. पिवळा मीटर एसी मोजताना एका डायोडने अर्धी लाट घेतो, तिची सरासरी काढतो आणि "ही साइन वेव्ह असणार" असं गृहीत धरून आकडा दाखवतो. महावितरणच्या लाइनवर ते गृहीतक चालून जातं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर नाही. शुद्ध चौकोनी लाट असेल तर अशा पद्धतीने आकडा सुमारे ११ टक्के जास्त येतो, २२० चे २४४ दिसतात. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर उलट कमी दिसू शकतात. 'ट्रू आरएमएस' मीटर तेवढ्यासाठी, तो लाटेचा आकार गृहीत न धरता खरा आकडा काढतो. तुमच्या घरी साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल आणि तुम्हाला फक्त बॅटरीचे १२ व्होल्ट बघायचे असतील तर ट्रू आरएमएसवर पैसे घालवायची गरज नाही. किटवर तर मुळीच नाही, तिथे सगळं डीसी.

छोट्या गोष्टी पटापट सांगतो. कंटिन्युइटीचा, म्हणजे तार जोडलेली आहे का ते सांगणारा बझर साधारण पन्नास-सत्तर ओहमच्या आत वाजतो, म्हणून ८ ओहमच्या स्पीकरवरही वाजेल. वाजला म्हणजे शॉर्ट आहे असं नव्हे, आकडा बघा. शिवाय तो थोडा उशिरा वाजतो. प्रोब भराभर फिरवला तर सोल्डरचा चांगला जॉइंटही तुटका वाटतो. डायोडच्या रेंजवर लाल एलईडी मंद पेटतो, निळा-पांढरा बहुधा पेटत नाही, तो खराब समजून फेकू नका. कपॅसिटर यात मोजता येत नाही. ट्रान्झिस्टरचा एचएफई (तो करंट किती पट वाढवतो तो आकडा) मोजायचं गोल सॉकेट कुठला पाय कुठला ते शोधायला बरं आहे, आकड्याला फार महत्त्व देऊ नका.

रेंज हाताने बदलावी लागते हा मी तोटा मानत नाही. ऑटोरेंज मीटर ४७०च्या पुढे ओहम आहे, किलोओहम आहे की मेगाओहम, हे कोपऱ्यात बारीक अक्षरात दाखवतो आणि मुलं ते वाचत नाहीत. हाताने रेंज निवडायची म्हटलं की आधी अंदाज करावा लागतो: इथे किती यायला हवं? नववीतल्या मुलीला ती सवय आत्ताच लागली तर अर्धं डीबगिंग शिकून झालं. फक्त प्रोब सर्किटला लागलेले असताना नॉब फिरवू देऊ नका. व्होल्टवरून अँपिअरवर जाताना तो मधल्या ओहमच्या रेंजवरून जातो आणि तेवढ्यात आतला एखादा रेझिस्टर जातो.

मीटर खराब झाला असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा प्रोब खराब असतो. तार आत फार कमी धाग्यांची असते आणि मुठीपाशी जिथे वाकते तिथेच तुटते; बाहेरचं प्लास्टिक अखंड, आतलं तांबं तुटलेलं. २०० ओहमच्या रेंजवर दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा आणि तार मुठीपाशी हलवा. आकडा एक ओहमच्या आत शांत राहायला हवा. उड्या मारत असेल तर प्रोब बदला. सिलिकॉनच्या मऊ तारेचे प्रोब वेगळे मिळतात, मीटरच्याच किमतीत जातात, तरी घ्यावेत; पुढच्या चांगल्या मीटरलाही तेच चालतात. आणि कमी ओहम मोजताना हा टेकवून आलेला आकडा वजा करायचा. डिस्प्लेचे काही दांडे गायब झाले, ८ चा ६ दिसायला लागला, तर काच आणि बोर्ड यांच्यामधली रबरी पट्टी सरकलेली किंवा मळलेली असते. काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवली की झालं. नॉब फिरवताना आकडे पळत असतील तर नॉबखालच्या तांब्याच्या चकत्या त्याच अल्कोहोलने पुसा. बोर्डवर एक छोटा ट्रिमर (स्क्रूसारखा फिरवायचा रेझिस्टर) दिसेल, त्याला स्क्रू ड्रायव्हर लावायचा मोह होतो. तो संदर्भ व्होल्टेज ठरवतो. मोजून तपासायला दुसरा विश्वासू मीटर नसेल तर त्याला हात लावू नका.

खरेदीचं म्हणाल तर मी तुमच्या जागी असतो तर आज पिवळाच घेतला असता आणि त्यावर मुलीला वर्षभर मनसोक्त खेळू दिलं असतं. चुकून फ्यूज उडवेल, प्रोब सोल्डरिंगच्या गरम टोकाला लावेल, हे सगळं अडीचशेच्या मीटरवर झालेलं बरं. पुढे आवड टिकली तर दीड-दोन हजारांच्या पट्ट्यातला, १० मेगाओहम इनपुटचा, ६००० किंवा ९९९९ काउंटचा, म्हणजे डिस्प्लेवर साधारण तेवढ्यापर्यंत आकडा दाखवणारा मीटर घ्या. अॅनेंगचा एएन८००८ त्याच जातीचा. किटच्या कामाला तो फार छान आहे, पण त्यावरचा कॅटचा शिक्का बघून त्यालाही गिझरकडे नेऊ नका. तेव्हाही पिवळा फेकायचा नाही. मोटर किंवा सोलर पॅनेलवर व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळी बघायचे असतात, त्याला दोन मीटर लागतातच.

घरच्या २३० व्होल्टचं काम तुम्हालाच करायचं असेल तर तो वेगळा खर्च धरा आणि तो मीटर मुलीच्या टेबलावर ठेवू नका. नाशिकची रिषभ, मोटवाने, नवी मुंबईची मेको असे आपल्याकडचे जुने उत्पादक आहेत, बाहेरचा फ्लूक आहे. कॅट ३, ६०० व्होल्ट, दोन्ही करंट वाटांवर सिरॅमिक फ्यूज आणि प्रोबवरही तीच श्रेणी छापलेली, एवढं बघून घ्या. प्रोब कमी श्रेणीचे असतील तर मीटरची श्रेणी काही कामाची नाही. भोसरी-चिंचवडकडे कॅलिब्रेशन लॅब आहेत, तिथे या मीटरचं प्रमाणपत्र काढून ठेवणं समजू शकतो. पिवळ्याचं कॅलिब्रेशन करायला जाऊ नका, त्याची फी मीटरपेक्षा जास्त होईल.

दुकानात जाताना खिशात एक टक्क्याचा १ किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर आणि एक नवा एए सेल ठेवा. काउंटरवरच रेझिस्टर मोजा, ९९० ते १०१० च्या आसपास यायला हवा. सेल दीड व्होल्टच्या किंचित वर दिसायला हवा. प्रोब टेकवून, तार हलवून बघा. नॉब दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवा आणि प्रत्येक रेंजवर थांबून आकडा स्थिर आहे का बघा. एक नग नापास झाला तर दुसरा मागा. त्या गल्लीत एवढ्यावर कुणी वाईट वाटून घेत नाही. गर्दीच्या वेळी गेलात तर थोडं ऐकून घ्यावं लागेल इतकंच.